ऑनलाईन टेनिस कोचिंगचे सहा महिने: दुखरं कोपर, नवी सर्व्हिस आणि पैसे वसूल झाले का

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे हा रिव्ह्यू कुणाच्या कामाचा आहे ते कळेल. मी नाशिकची, वय 43, बँकेत नोकरी. शाळा-कॉलेजात बॅडमिंटन भरपूर खेळले, मग लग्न, पोरं, बदल्या यात पंधरा वर्षं हातात रॅकेट धरली नाही. चार वर्षांपूर्वी नव्या सोसायटीत राहायला आलो तिथे एक टेनिस कोर्ट होतं आणि सकाळी साडेसहाला चार-पाच काका मंडळी डबल्स खेळायची. एक दिवस त्यांच्यातला एकजण आला नव्हता, मी वॉकला चाललेले, "या की मॅडम, एक माणूस कमी पडतोय" म्हणाले आणि मी गेले ती तेव्हापासून रोज जातेय.

बॅडमिंटनवाल्यांना टेनिस लवकर जमतं असं सगळे म्हणतात. बॉल जाळ्याच्या पलीकडे जातो हे खरं. पण टेनिसची रॅकेट माझी 285 ग्रॅमची आणि बॅडमिंटनची नव्वदच्या आत, त्यामुळे मनगटाचा जो झटका शटलला चालतो तोच तुम्ही टेनिसच्या बॉलला दोन-तीन वर्षं देत राहिलात तर हात बोलायला लागतो. माझा बोलला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सकाळी गॅसवरून दुधाचं पातेलं उतरवताना कोपराच्या बाहेरच्या बाजूने अशी कळ आली की पातेलं तसंच परत ठेवलं. मग कपडे पिळताना, दाराची कडी फिरवताना, अगदी पोळी लाटतानासुद्धा. टेनिस एल्बो. फिजिओ मॅडमनी सहा आठवडे खेळ बंद करायला लावला, व्यायाम दिले आणि शेवटच्या दिवशी स्पष्ट सांगितलं की दुखणं मी कमी केलंय, पण तुमचा बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून पलीकडे नेऊन मारायचा फटका, कुणाला तरी दाखवा, नाहीतर तीन महिन्यांनी परत इथेच याल.

दाखवायचा कुणाला हाच प्रश्न. इथे कोचिंग आहे, चांगलंही आहे, पण संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे माझी बँकेतून निघायचीही वेळ नाही, आणि मुख्यतः लहान मुलांसाठी. दोन ठिकाणी मोठ्यांची बॅच करून पाहिली, तिथे बादलीभर बॉल फीड करायचे आणि आपण मारत राहायचे, "छान मॅडम, पुढचा" एवढंच. घाम निघाला, पण रॅकेट कशी धरलीय ते एकदाही कुणी बघितलं नाही.

म्हणून ऑनलाईनकडे वळले. पहिला अनुभव वाईट होता तोही सांगते. एक ॲप घेतलं ज्यात व्हिडिओ टाकला की कॉम्प्युटर आपोआप मार्क देतो. माझ्या सर्व्हिसला शंभरपैकी 74 दिले. छान वाटलं. नंतर कळलं की त्याला माझी ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकड, दिसतच नव्हती, हात-पाय-गुडघ्याच्या ठिपक्यांवरून हिशोब चाललेला. वर फ्री ट्रायल संपल्यावर वर्षाचे पैसे आपोआप कापले गेले आणि परत मिळवायला दोन महिने मेल करावे लागले. तर पहिला सल्ला हाच, कुठलंही घ्या पण ऑटो-पेमेंट कुठे बंद होतं ते घेण्याआधी बघून ठेवा.

आता ज्याचा रिव्ह्यू लिहितेय ते. हे ॲप नाही, माणूस आहे. कोच मूळचे पुण्याचे, आता जर्मनीत एका क्लबमध्ये शिकवतात आणि बाजूला असे मोजकेच ऑनलाईन विद्यार्थी घेतात. आमच्या काकांच्या मुलीने नंबर दिला. तीन महिन्यांचे 7,500 रुपये, आठवड्याला दोन व्हिडिओ पाठवायचे, दोन-तीन दिवसांत ते त्याच व्हिडिओवर रेघा मारून आणि वर मराठीत बोलून परत पाठवतात, महिन्यातून एकदा अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल. कॉलची वेळ जमवायला त्रास नाही, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक आणि हिवाळ्यात साडेचार, मी रात्री साडेनऊला जेवणं आवरून बसते तेव्हा त्यांची संध्याकाळ असते.

मराठीतून हा मुद्दा मला वाटला त्याहून फार मोठा निघाला. यूट्यूबवर इंग्रजीत शेकडो व्हिडिओ पाहिले होते मी, शब्द सगळे पाठ होते, पण "कोपर आधी, मग मनगट, मनगटाला घाई नको" हे आपल्या भाषेत आपल्याच व्हिडिओवर ऐकलं की कोर्टवर मारताना तेच कानात वाजतं.

पहिला व्हिडिओ त्यांनी काही न शिकवताच परत पाठवला. म्हणाले यात काही दिसत नाही, परत काढा. त्यावेळी राग आला पण त्यांचंच बरोबर होतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते कारण सगळं यावरच उभं आहे. साधा व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमचा, म्हणजे दोन फ्रेममध्ये 33 मिलीसेकंद जातात, आणि बॉल तारांवर टेकतो तो जेमतेम चार-पाच मिलीसेकंद. म्हणजे आपल्याला बघायचा आहे नेमका तोच क्षण बहुतेक वेळा दोन फ्रेमच्या मधल्या फटीत निघून जातो. स्लो-मोशनमध्ये सेकंदाला 240 फ्रेम लावल्या की एक फ्रेम चार मिलीसेकंदांची होते, मग बॉल तारांवर दाबलेलासुद्धा सापडतो. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये हे असतं. उजेड मात्र भरपूर लागतो, पहाटेच्या अंधुक उजेडात काढलेला सगळा भुरका येतो, मी आता सव्वासातनंतरच काढते. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, एकदा बेसलाईनच्या, म्हणजे कोर्टच्या शेवटच्या रेघेच्या, मागून आणि एकदा बाजूने. मी फोन कोर्टच्या जाळीला अडकवायचा क्लॅम्प घेतला दोनशे-अडीचशेचा, त्याआधी पाण्याच्या बाटलीला टेकवायचे तर वाऱ्याने तीनदा पालथा पडला. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून छोटा होतो आणि रॅकेटच्या जागी नुसता धूर दिसतो.

मी आणि मिस्टर 2019 च्या सुरवातीला बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची फायनल बघायला गेलो होतो, केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच, तिन्ही सेट टायब्रेकला गेले. दोघंही दोन मीटरच्या वरचे, आणि सर्व्हिस म्हणजे बॉल हातातून वर गेला की पुढचं काही कळायचंच नाही, एकदम पलीकडच्या फळीवर ठप्प. दोन तास समोर बसून सर्व्हिस बघितली तरी हात नेमका काय करतो ते एकदाही दिसलं नव्हतं. माझ्याच हाताचं तसंच. मी काय करतेय असं मला वाटतं आणि मी खरंच काय करतेय यात केवढं अंतर आहे ते मला पहिल्यांदा 240 फ्रेममध्ये दिसलं, तेही स्वतःच्या सर्व्हिसमध्ये.

तर सर्व्हिस. मला वाटायचं मी रॅकेट पाठीमागे खाली सोडते आणि वर फेकते. व्हिडिओत दिसलं की बॉल मारायच्या आधी माझा तळवा आकाशाकडे आणि रॅकेट डोक्यामागे आडवी, वेटर खांद्यावर ताट घेऊन येतो ना, अगदी तसं. म्हणजे बॉलला फक्त ढकलणं. कारण होतं ग्रिप. मी फोरहँडच्याच ग्रिपने सर्व्हिस करत होते आणि त्या ग्रिपने दुसरं काही करताच येत नाही. कोचनी सांगितलं की हँडलला आठ कडा असतात, वरच्या कडेला एक नंबर धरून घड्याळाच्या दिशेने मोजा, उजव्या हाताने खेळत असाल तर तर्जनीच्या मुळाची गाठ दुसऱ्या कडेवर म्हणजे कॉन्टिनेंटल, तिसरीवर ईस्टर्न फोरहँड, चौथीवर सेमी-वेस्टर्न. मी हँडलच्या बुडाला दोन आणि चार नंबरसमोर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, अजून आहेत.

कॉन्टिनेंटलने मारायला लागले तर दोन आठवडे सगळ्या सर्व्हिस डावीकडे जाळीत. अक्षरशः सगळ्या. डबल्समध्ये काका काही बोलायचे नाहीत पण मलाच वाईट वाटायचं. मी कोचना लिहिलं की हे माझ्याच्याने होणार नाही, जुनंच बरं होतं. त्यावर त्यांनी जे केलं त्यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय. म्हणाले, घरात बॅडमिंटनची रॅकेट आहे का? माळ्यावरून काढा आणि शटल न घेता नुसते दहा स्मॅश मारून व्हिडिओ पाठवा. मी काढली, ग्रिपचं रबर पार चिकट झालेलं, पार्किंगमध्ये उभी राहून मारले दहा. दुसऱ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ आला, डावीकडे माझा स्मॅश आणि उजवीकडे माझी टेनिसची सर्व्हिस, दोन्ही एकाच क्षणाला थांबवलेले. स्मॅशमध्ये ग्रिप बरोबर, कोपर वर, रॅकेट धारेने वर येतेय, कोयता मारताना पातं जसं धारेने जातं तशी, आणि अगदी शेवटच्या क्षणी हात कोपरापासून वळून तळवा बाहेर. याला प्रोनेशन म्हणतात आणि सर्व्हिसचा वेग याच्यातूनही येतो. त्यावर त्यांचा आवाज, "हे बघा, हे तुमच्या हाताला वीस वर्षांपासून येतंय, मी नवीन काही शिकवत नाहीये, फक्त हीच रॅकेट जड आहे असं समजा."

माझ्या डोळ्यात पाणी आलं खरं सांगते. चार वर्षं सगळ्यांनी बॅडमिंटनची सवय सोडा, सोडा असंच सांगितलेलं आणि हा पहिला माणूस म्हणाला की ती वापरा.

पुढचं सगळं मग सराव. सर्व्हिस लाईनजवळ उभं राहून, रॅकेट तिच्या गळ्याजवळ, म्हणजे हँडलच्या वर, आखूड धरून हळू मारायच्या, दहा बरोबर पडल्या की एक पाऊल मागे. टॉसचा, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर उडवायचा, सराव वेगळा. माझा टॉस डोक्याच्या मागे जायचा, त्यामुळे कंबर मागे वाकायची. पार्किंगमध्ये खडूने रेघ मारली, तिच्या पुढे फूटभर एक गोल काढला, बॉल उंच उडवायचा आणि न मारता पडू द्यायचा, गोलात पडला पाहिजे. रोज तीस. पहिल्या दिवशी चार पडले, महिन्याने बावीस-तेवीस. वॉचमनदादा मोजायचे, त्यांना आकडा पाठ असायचा. हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये चाललेलं, कोर्ट ओलं, शेवाळ, खेळणं बंद, एरवी पावसाळ्याचे तीन महिने माझे वाया जातात ते यावेळी कामी आले, आणि ऑनलाईनचा हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता.

आता सेटला दोन डबल फॉल्ट होतात, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जातो ते, आधी सहा-सात व्हायचे. मी लिहून ठेवते.

बॅकहँडचं सांगते कारण कोपर त्याच्यामुळे गेलं. मी एका हाताने मारायचे, बॅडमिंटनसारखा, कोपर पुढे काढून आणि मनगट मोडून. बॉल अंगाच्या रेषेत आल्यावर, म्हणजे उशिरा. उशिरा लागलेल्या बॉलचा धक्का खांदा घेऊ शकत नाही, तो कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे मनगट उचलणारे स्नायू चिकटतात तिथे जातो, हे फिजिओ मॅडमनी आधी सांगितलं होतं पण कोचनी व्हिडिओवर गोल काढून दाखवलं तेव्हा डोक्यात बसलं. दोन हातांचा बॅकहँड घ्या म्हणाले. उजवा हात खाली कॉन्टिनेंटल, डावा वर, आणि मारायचं काम डाव्याने. नुसत्या डाव्या हाताने रोज चाळीस फोरहँड मारायला लावले महिनाभर. मुलगा फीड करायचा, त्याला दहावीच्या अभ्यासातून पंधरा मिनिटं सुटका. सोबत माझ्या तारांचा फोटो मागवला. 56 पाउंड ताणाला पॉलिस्टर तार होती, दुकानदाराने घातलेली, मी कधी विचारलंच नव्हतं. ती काढून 50 पाउंड ताणाला मऊ मल्टिफिलामेंट, म्हणजे खूप बारीक धाग्यांची तार, घालायला सांगितली. तुमचं कोपर दुखत असेल तर कोचिंग घ्या न घ्या, आधी रॅकेटला कुठली तार आहे ते बघा. पॉलिस्टर तार टणक असते, जोरात मारणाऱ्या पोरांसाठी ठीक आहे, आपल्या हाताला नको.

सप्टेंबरपासून कोपर दुखलेलं नाही. दुधाचं पातेलं उजव्याच हाताने उतरवते.

फोरहँडमध्ये फार बदल करावा लागला नाही, डावा हात रॅकेटच्या गळ्याशी खांदे वळेपर्यंत ठेवायचा आणि बॉल अंगाच्या पुढे घ्यायचा एवढंच, मनगटाचा झटका त्यानेच कमी झाला. व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीच मारायचा बॉल, त्यांनी बघितलीच नाही अजून, मीही पाठवली नाही.

आता जे आवडलं नाही ते. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे लगेच कुणी थांबवत नाही. सोमवारी व्हिडिओ पाठवला, उत्तर गुरुवारी, तोवर मी तीन दिवस चुकीचंच घोटलेलं असतं. एकदा टॉससोबत मी कंबर आधीच वळवायला लागले आणि ते कळायला आठवडा गेला. समोर कोच असता तर दुसऱ्या बॉलला ओरडला असता. ही तक्रार केल्यावर ते प्रत्येक शॉटला एक खूण द्यायला लागले जी मला स्वतःला तपासता येते, उदाहरणार्थ सर्व्हिस मारून झाल्या झाल्या तिथेच थांबायचं आणि तळवा कुठे आहे ते बघायचं, उजव्या कुंपणाकडे असला तर बरोबर. याने खूप फरक पडला, पण हे पहिल्या दिवसापासून द्यायला हवं होतं.

दुसरं, नोव्हेंबरमध्ये नऊ दिवस काहीच उत्तर नाही. क्लबच्या स्पर्धा चालू होत्या म्हणे. नऊ दिवस पुढे वाढवून दिले, माफीही मागितली, पण आधी सांगितलं असतं तर मी त्या आठवड्यात नवीन काही सुरूच केलं नसतं.

तिसरं, पायांचं काम ऑनलाईन होत नाही असं माझं मत झालंय. समोरचा मारतो त्या क्षणी छोटी उडी घेऊन पाय सुटे करायचे, स्प्लिट स्टेप, हे त्यांनी व्हिडिओत दाखवलं की मी दोन्ही टाचा टेकवून उभी असते. मान्य. पण फीड केलेल्या बॉलला मी उडी घेते आणि मॅचमध्ये विसरते, तिथे बाजूला उभं राहून हाक मारणारं कुणी लागतं. आमच्या काकांनी ते काम घेतलंय, बॉल पलीकडे गेला की "पाय!" म्हणून ओरडतात. डावपेचांचंही थोडंफार तसंच, एक गोष्ट मात्र व्हिडिओ कॉलवर शिकले आणि रोज वापरते. जाळं मधे 91 सेंटिमीटर आणि खांबांशी 107, आणि सिंगल्सचं कोर्ट सरळ 23.77 मीटर तर तिरकं साधारण 25.15. अडचणीत असताना तिरका मारला की जाळं पंधराएक सेंटिमीटर खाली आणि पलीकडे जवळपास दीड मीटर जागा जास्त. मी अडचणीत नेमकी सरळ रेषेत मारायचे. हे आकडे कागदावर लिहून काकांना दाखवले तर आता आम्ही दोघंही तिरकंच मारतो.

पैशांचं बोलायचं तर सहा महिन्यांचे पंधरा हजार, अधिक क्लॅम्प, तारा, बॉलचे डबे. कमी नाहीत. पण मी फिजिओथेरपीचे जेवढे भरले ते धरले तर मला हे महाग वाटत नाही. अगदी नवीन असाल, रॅली चार बॉलांचीही होत नसेल, तर ऑनलाईन घेऊ नका, आधी समोरासमोर कुणाकडे तरी तीन-चार महिने जा. मुलांसाठी तर नकोच, त्यांना मैदान आणि बाकीची मुलं हवीत. पण दोन-चार वर्षं खेळताय, कुठेतरी अडकलाय, काहीतरी दुखतंय आणि फीड करायला घरात किंवा सोसायटीत एक माणूस आहे, तर नक्की घ्या. तो फीड करणारा माणूस नसेल तर अर्धे पैसे वाया जातील, हे मी मनापासून सांगते. आणि पहिल्याच दिवशी विचारून घ्या की व्हिडिओ माणूस बघणार का कॉम्प्युटर, आणि एका वेळी किती गोष्टी सांगणार. आमचे कोच एका व्हिडिओत एकच सांगतात, मी चार विचारल्या तरी तीन पुढच्या वेळी. आधी चिडचिड व्हायची, आता पटतं, कारण बॉल अंगावर येताना डोक्यात एकच गोष्ट मावते.

वयाचं पण लोक विचारतात. रोहन बोपण्णाने 2024 ला मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली तेव्हा तो 43 चाच होता. तो व्यावसायिक खेळाडू होता, मला माहितीये, माझी त्याच्याशी बरोबरी नाही, पण तो व्हिडिओ मी सर्व्हिस बदलताना त्या दोन वाईट आठवड्यांत रोज रात्री बघायचे आणि बरं वाटायचं.

पुढच्या तीन महिन्यांचे परवाच भरले. आता दुसरी सर्व्हिस, किक. बॉल डोक्यावर जरा डावीकडे उडवायचा आणि रॅकेट खालून वर घासत न्यायची. पहिला व्हिडिओ काल सकाळी पाठवलाय, सव्वासातच्या उन्हात काढलेला, उत्तर गुरुवारपर्यंत येईल.